फिरकी घेणारी फिरकी

नवा संगणक हाती आला की लागणारी सगळी सॉफ्टवेअर एका दमात बसवून टाकणारी एक स्क्रिप्ट मी बरीच वर्षं बाळगून आहे. साधी मजकुराची फाइल, एकाखाली एक आज्ञा लिहिलेल्या. चालवली की पडद्यावर ओळींचा धबधबा सुरू व्हायचा: हे डाउनलोड झालं, ते उलगडलं, अमुक फाइल तमुक फोल्डरमध्ये ठेवली. एकदा वाटलं, हा पसारा बघायचाच कशाला? सगळ्या ओळी लॉग फाइलमध्ये, म्हणजे नोंदी साठवणाऱ्या फाइलमध्ये, वळवल्या आणि त्यांच्या जागी एक छोटी फिरकी ठेवली. जागच्या जागी गरगरणारी एक काडी आणि शेजारी ‘इन्स्टॉल चालू आहे’ एवढीच अक्षरं. दिसायला झकास. स्क्रिप्ट सुरू केली आणि दुसऱ्या कामाला लागलो.

अर्ध्या तासानं परत आलो तर फिरकी फिरतेच आहे. लॉग उघडला, तो रिकामा. मग डोक्यात प्रकाश पडला. पहिल्याच आज्ञेला प्रशासकाचे अधिकार लागत होते आणि त्यासाठी ‘सुडो’ या ते अधिकार देणाऱ्या आज्ञेनं पासवर्ड विचारला होता. सुडो हा प्रश्न नेहमीच्या आउटपुटच्या वाटेनं पाठवत नाही, थेट टर्मिनलवर, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, लिहितो. त्यामुळे तो लॉगमध्ये गेलाच नाही. पडद्यावर आला, आणि सेकंदाला दहा वेळा तीच ओळ पुसून स्वतःला नव्यानं काढणाऱ्या माझ्या फिरकीनं तो दिसायच्या आत खाऊन टाकला. अर्धा तास संगणक माझी वाट बघत होता, मी संगणकाची, आणि मधे बसून फिरकी आम्हा दोघांची फिरकी घेत होती.

हे असं का होऊ शकतं ते कळायला आधी टर्मिनलवर काही हलतं म्हणजे काय होतं ते बघू. त्यासाठी टेलिप्रिंटरपर्यंत मागं जावं लागतं. १९६३ साली आलेलं ‘टेलिटाइप मॉडेल ३३’ हे यंत्र सेकंदाला १० अक्षरं कागदावर छापायचं. ओळ संपली की त्याला दोन वेगळी कामं करावी लागत. छापणारा भाग डाव्या कडेला परत आणणं हे एक, आणि कागद एक ओळ वर सरकवणं हे दुसरं. दोन कामं, म्हणून दोन वेगळे सांकेतिक क्रमांक: परत येण्यासाठी १३, कागद सरकवण्यासाठी १०. परत येण्याला एका अक्षरापेक्षा जास्त वेळ लागे, म्हणून १३ आधी पाठवायचा आणि मागोमाग १०. कागद सरकेपर्यंत छापणारा भाग जागेवर पोचलेला असे.

आता समजा, नुसताच १३ पाठवला आणि १० पाठवलाच नाही, तर? कागदावर अक्षरावर अक्षर बसतं. शब्द ठळक करायला किंवा त्याखाली रेघ मारायला लोक ही युक्ती वापरतही. पण कागद जाऊन काचेचा पडदा आला आणि त्याच युक्तीचा अर्थ बदलला. पडद्यावर नवं अक्षर जुन्याला पुसून त्याच्या जागी बसतं. टर्मिनलमधल्या सगळ्या हलत्या गोष्टींचं भांडवल एवढंच आहे. क्रमांक १३ पाठवा, ओळीच्या सुरुवातीला या, पुन्हा लिहा.

फिरकीला चार चिन्हं पुरतात: | / - \ . ती एकामागून एक त्याच जागी उमटली की डोळ्याला चार चिन्हं दिसत नाहीत, एक फिरणारी काडी दिसते. हा गुण संगणकाचा नाही, आपल्या मेंदूचा आहे. मानसशास्त्रज्ञ माक्स वर्टहायमर यांनी १९१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दोन रेघा आळीपाळीनं दाखवल्या होत्या. दोन्हींमधलं अंतर साधारण ६० मिलिसेकंदांचं असलं की बघणाऱ्याला एकच रेघ इकडून तिकडे सरकताना दिसे. २०० मिलिसेकंद केलं की दोन सुट्या रेघा दिसत, ३० केलं की दोन्ही एकदमच. म्हणून फिरक्यांचा ठेका ८० ते १०० मिलिसेकंदांच्या आसपास धरतात. गंमत म्हणजे चार चिन्हांत काडी पूर्ण वेढा घेतच नाही. अर्ध्या वळणातच ती पहिल्यासारखी दिसायला लागते, उरलेलं अर्धं आपण मनानं भरतो.

पुढे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचं ‘व्हीटी १००’ टर्मिनल आलं. क्रमांक २७ नं सुरू होणारे छोटे संकेत पाठवले की ते ओळ पुसे, कर्सर हव्या त्या जागी नेई. आज आपण उघडतो ती टर्मिनलची खिडकी अजूनही त्या यंत्राचीच नक्कल करते. फिरकीच्या बाजूला लुकलुकणारा कर्सर विचित्र दिसतो म्हणून तो लपवायचाही संकेत आहे. इथे नवशिके हमखास फसतात. कर्सर लपवला, मधेच कोणी कंट्रोल-सी दाबून स्क्रिप्ट थांबवली, आणि कर्सर परत दाखवायची ओळ चाललीच नाही. मग बिचारा माणूस आंधळ्यासारखा टाइप करत बसतो. स्क्रिप्ट कशीही संपली तरी जाता जाता आवराआवर करून जाईल, अशी तजवीज आधीच करून ठेवावी लागते.

हे झालं चित्र काढण्याचं. पण काडी फिरवण्यात वेळ गेला तर इन्स्टॉल कोण करणार? स्क्रिप्ट एका वेळी एकच आज्ञा चालवते. म्हणून प्रत्यक्ष काम बॅकग्राउंडला ढकलतात. ते एक वेगळी प्रोसेस, म्हणजे स्वतंत्र चालणारा प्रोग्राम, म्हणून चालतं, ऑपरेटिंग सिस्टिम त्याला एक क्रमांक देते, आणि पुढे स्क्रिप्ट दर दशांश सेकंदाला विचारत राहते: या क्रमांकाचं कोणी आहे का? आहे म्हटलं की काडी एक घर पुढे. विचारायला जी आज्ञा वापरतात तिचं नाव ‘किल’. तिला शून्य क्रमांकाचा सिग्नल द्यायला सांगितलं की ती कोणालाच मारत नाही, काही पाठवतही नाही, फक्त समोरचा हयात आहे का एवढं पाहून येते. ‘किल’चा याहून अहिंसक उपयोग नाही.

माझ्या अर्ध्या तासाचं उत्तर इथेच आहे. फिरकी विचारते ‘जिवंत आहेस का?’, आणि आपण पडद्यावर वाचतो ‘काम पुढे सरकतंय.’ पासवर्डची वाट बघत बसलेली प्रोसेस जिवंतच असते. नेटवर्क मेल्यावर सर्व्हरच्या उत्तराकडे डोळे लावून बसलेलीही जिवंत असते. दुसऱ्या कुठल्या प्रोग्रामनं पॅकेजच्या (बसवायच्या सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांच्या) नोंदवहीला कुलूप लावलंय म्हणून दाराबाहेर ताटकळणारीही जिवंतच. हयातीच्या दाखल्यावरून माणूस कामावर जातो की नाही हे कळत नाही, तसंच हे.

आणि काम संपलं म्हणजे झालंच असंही नाही. प्रत्येक प्रोसेस जाताना ० ते २५५ मधला एक आकडा मागे ठेवते. ० म्हणजे ठीक, बाकी काहीही म्हणजे बिघडलं. बॅकग्राउंडला गेलेल्या कामाचा हा आकडा मुद्दाम मागून घ्यावा लागतो. कित्येक स्क्रिप्ट तो मागतच नाहीत. प्रोसेस दिसेनाशी झाली की हिरवी बरोबरची खूण काढून मोकळ्या होतात. माझ्या मते हा फिरकीपेक्षा मोठा खोटेपणा आहे.

आणखी एक खड्डा. फिरकी लिहिली, स्क्रिप्ट चालवली, आणि पडद्यावर काहीच नाही. शेवटी एकदम सगळं उमटतं. अनेक भाषांमध्ये टर्मिनलकडे जाणारी अक्षरं ओळ पूर्ण होईपर्यंत राखून ठेवली जातात, आणि फिरकीची ओळ तर कधी पूर्ण होतच नाही. साठलेलं लगेच बाहेर काढ, असं दर वेळी बजावावं लागतं. याच्या उलटही होतं. तीच स्क्रिप्ट एखाद्या सर्व्हरवर कोणी न बघता चालते तेव्हा तिचं आउटपुट फाइलमध्ये जातं. फाइलला ‘डावीकडे परत जा’ हे कळत नाही, ती सगळं जपून ठेवते. सेकंदाला १० चित्रं धरली तर २० मिनिटांच्या इन्स्टॉलमध्ये १२,००० काड्या, आणि त्या ढिगात कुठेतरी खऱ्या चुकीची एक ओळ. म्हणून चित्र काढण्याआधी ‘समोर टर्मिनल आहे ना?’ हे विचारून घ्यायचं असतं. नसेल तर गप्प साधी ओळ लिहायची.

फिरकी नको, सरळ टक्के दाखवा, असं कोणी म्हणेल. लोकांना ते आवडतंच. संगणक-संशोधक ब्रॅड मायर्स यांनी १९८५ मध्ये टक्केवारी दाखवणाऱ्या दर्शकांवर शोधनिबंध लिहिला, तेव्हाही वापरणाऱ्यांचा कल तिकडेच दिसला होता. किती वाट बघायची ते कळलं की वाट बघणं सुसह्य होतं. संगणकानं एक दशांश सेकंदात उत्तर दिलं तर ते तत्काळ वाटतं, एक सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही, दहा सेकंदांनंतर लक्ष उडतं, असा ठोकताळा या क्षेत्रात वापरतात. इन्स्टॉलचा कारभार तर मिनिटांचा.

पण टक्के कशाचे? डाउनलोडचे सोपे आहेत, कारण फाइल केवढी आहे हे सर्व्हर बहुधा आधीच सांगतो. पुढचं अवघड. सात पॅकेजेस बसवायची आहेत आणि तीन झाली, तर ते ४३ टक्के म्हणायचे का? चौथं पॅकेज एकटंच उरलेल्या सगळ्यांपेक्षा जास्त वेळ खाणारं असेल तर? लिनक्सच्या डेबियन परिवारातल्या ‘एपीटी’ या पॅकेजेस बसवणाऱ्या प्रोग्रामला २०१४ मध्ये १.० आवृत्तीबरोबर पडद्याच्या तळाशी प्रगतीची पट्टी मिळाली. ती पट्टी टप्पे मोजते. अमुक पॅकेज उलगडलं, तमुकची जुळवाजुळव झाली, असे. एका टप्प्याला अर्धा सेकंद लागतो, दुसऱ्याला दोन मिनिटं, पट्टीच्या लेखी दोन्ही सारखेच. त्यात संगणक सुरू होताना लागणारी फाइल नव्यानं बांधण्यासारखी दांडगी कामं शेवटाला ढकललेली असतात. पट्टी टोकाला येऊन अडते ती म्हणून.

पेन ड्राइव्हवर मोठी फाइल टाकतानाही हा खेळ दिसतो. पट्टी भराभर शंभरावर जाते, आणि ‘काढून घ्या’ म्हटलं की संगणक बराच वेळ सोडत नाही. फाइल तोवर मेमरीपर्यंतच पोचलेली असते. पेन ड्राइव्हवर उतरायचं खरं काम मागे चालू असतं. मेमरीच्या हिशेबानं पट्टी बरोबरच बोलत होती, फक्त तिला विचारलं होतं वेगळं.

वेळ खरंच कमी करता येत नसेल तर निदान कमी भासवावा, असाही एक पंथ आहे. संशोधक क्रिस हॅरिसन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये पट्टीच्या आतल्या रेघांचं चलन बदलून पाहिलं. रेघा मागच्या दिशेनं जाताना आणि हळूहळू मंदावताना दिसल्या, तर तोच कालावधी सुमारे ११ टक्के कमी वाटला. नदीकाठी उभं राहून पाण्याकडे बघताना आपणच सरकतोय असं वाटतं, त्या जातीचा हा भास. मला ही युक्ती हुशारीची वाटते, पण आपल्या स्क्रिप्टमध्ये मी ती घालणार नाही. अकरा टक्के कमी भासण्यापेक्षा नेमकं काय अडलंय ते कळलेलं मला हवं.

चित्र काढायला फुकट नसतं हेही आहेच. २०१६ च्या सुरुवातीला जावास्क्रिप्टच्या जगातल्या ‘एनपीएम’ या इन्स्टॉल करणाऱ्या प्रोग्रामची प्रगतीची पट्टीच कामाला खीळ घालतेय असं लक्षात आलं. पट्टी बंद केली तर तेच काम निम्म्याच्या आसपास वेळात होतंय, असं लोकांनी मोजून दाखवलं. विंडोजच्या जुन्या पॉवरशेल या आज्ञा चालवायच्या प्रोग्राममध्येही डाउनलोडची पट्टी लपवली की डाउनलोड पळायला लागतं. प्रत्येक बारीकसारीक पावलाला पडदा नव्यानं रंगवला की असं होतं. डोळ्याला सेकंदाला दहा चित्रं पुष्कळ झाली. आणि दोन चित्रांच्या मधे फिरकीला झोपवलं नाही, तर ती प्रोसेसरचा एक अख्खा गाभा अडवून ठेवते, जो इन्स्टॉलला हवा होता.

माझी स्क्रिप्ट आता अशी आहे. पासवर्ड सगळ्यात आधी, फिरकी सुरू व्हायच्या अगोदर विचारून घेते. इन्स्टॉल करणाऱ्या प्रोग्रामला मधे प्रश्न विचारायची बंदी आहे आणि कुलूप असेल तर थांबायची सूचना. पडद्यावर ‘७ पैकी ३’, पॅकेजचं नाव आणि किती सेकंद झाले तो आकडा. आणि काडी घड्याळावर फिरत नाही. लॉगमध्ये नवी ओळ आली तरच ती एक घर पुढे जाते. त्यामुळे तिची चाल अगदीच बेढब झाली आहे, मधेच सुसाट, मधेच ठप्प. सेकंद मात्र मोजले जात राहतात, म्हणजे स्क्रिप्ट मेलेली नाही एवढं कळतं.

परवा ती चौथ्या पॅकेजवर थबकली. सेकंद ४०, ५०, ६०, काडी तिरकी ती तिरकीच. लॉग उघडला. शेवटची ओळ कुलपाची होती. मागे आपोआप चालणाऱ्या अपडेटनं नोंदवही अडवून ठेवली होती. आणखी मिनिटभरात कुलूप सुटलं आणि काडी हलली.