वृद्ध रुग्णांना खाटेला बांधणे

अशक्त वृद्ध रुग्णाने नळ्या उपसू नयेत, खाटेवरून पडू नये म्हणून त्याचे हात, पाय वा कंबर बांधून हालचाल रोखण्याची रुग्णालयातील पद्धत. आपल्याकडे मनगटाला गुंडाळलेले गॉज बँडेज आणि त्याचे दुसरे टोक कॉटच्या कठड्याला, असे तिचे नेहमीचे रूप. कठडा वरखाली केला की हे बँडेज मनगटात रुतते. म्हणून ते खाटेच्या सांगाड्याला, एका हिसक्यात सुटेल अशा गाठीने बांधावे लागते.

बांधण्याची वेळ बहुधा डिलिरियममुळे, म्हणजे आजारपणात अचानक उद्भवणाऱ्या मानसिक गोंधळामुळे येते. खुब्याच्या ऑपरेशननंतर दिवसा नीट बोलणारे आजोबा रात्री "मला घरी जायचंय" म्हणत सलाईन ओढू लागतात. मागे जंतुसंसर्ग असतो, तुंबलेली लघवी असते, वेदना, घटलेले सोडियम किंवा झोपेची गोळी असते. कधी चष्मा आणि कानाचे मशीन पिशवीत राहिलेले असते. हात बांधून यातले काहीच बरे होत नाही. उलट वृद्धरोगतज्ज्ञ शॅरन इनूये यांच्या १९९६च्या अमेरिकेतील अभ्यासात, रुग्णालयात डिलिरियम ओढवणाऱ्या पाच कारणांपैकी एक बांधून ठेवणे हेच निघाले. बेडसोर होतात, स्नायू झिजतात, आणि सुटायच्या धडपडीत पट्ट्यात अडकून गुदमरल्याने मृत्यूही झाले आहेत.

इनूये यांच्याच गटाने १९९९ साली सत्तरी ओलांडलेल्या ८५२ रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. रुग्णाशी बोलत राहणे, वेळेवर पाणी पाजणे, चालवणे, रात्री झोपू देणे अशा उपायांनी डिलिरियमचे प्रमाण ९.९ टक्के राहिले; नेहमीची शुश्रूषा मिळालेल्यांत ते १५ टक्के होते. लघवीची नळी लवकर काढणे आणि सलाईनचा हात बाहीखाली झाकणे हे उपायही साधेच आहेत.

जपानने २०००पासून दीर्घकालीन शुश्रूषा केंद्रांत, अपवादात्मक प्रसंग वगळता, बांधण्यास बंदी घातली. भारतात मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ९७ नुसार तातडीचा धोका टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तरच बांधता येते. केवळ कर्मचारी कमी आहेत म्हणून नाही. पण हे कलम मानसिक आरोग्य संस्थांपुरते आहे. जनरल वॉर्डातल्या आजीलाही तेच संरक्षण हवे. एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड असताना बांधण्याचा दोष तिच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. मात्र डिलिरियम वाढतो नेमक्या त्याच रात्री आयसीयूतून रुग्णाच्या मुलांना बाहेर काढण्याचा नियम रुग्णालये बदलू शकतात, आणि त्यांनी तो बदलायला हवा.