विज्ञानपटांतील अविस्मरणीय पात्रे

विज्ञानकथेवर बेतलेल्या चित्रपटांतले यंत्रमानव, परग्रहवासी, संगणक, महाकाय प्राणी आणि भविष्यातली माणसे यांपैकी जी प्रेक्षकांच्या मनात पिढ्यान्‌पिढ्या घर करून राहिली, त्यांचा या नोंदीत विचार केला आहे. अशी पात्रे बहुधा एकट्या नटाची नसतात. अंग एकाचे, आवाज दुसऱ्याचा, मुखवटा तिसऱ्याच्या हातचा. सोलापुरी चादर सूत रंगवणारा, कांड्या भरणारी, मागावर उभा राहणारा अशा अनेकांच्या हातून उतरते, तसेच हे काम आहे. या हातांची नावे पडद्यावर शेवटी बारीक अक्षरांत येतात आणि तोवर लोक उठलेले असतात, म्हणून ती इथे नोंदवणे अगत्याचे वाटते.

‘रोबो’ हा शब्द कारेल चापेक याच्या १९२० च्या चेक नाटकातून जगभर गेला. त्याच्या मुळाशी असलेल्या ‘रोबोता’ या शब्दाचा अर्थ सरळ मराठीत ‘वेठ’. पडद्यावरची पहिली मोठी यंत्रस्त्री फ्रिट्झ लांगच्या ‘मेट्रोपोलिस’मध्ये (१९२७) दिसली. कामगारांची मारिया आणि तिचे रूप घेतलेले यंत्र, दोन्ही भूमिका ब्रिगिटे हेल्म या तरुण मुलीने केल्या. तिच्या अंगाचा साचा घेऊन वाळल्यावर कडक होणाऱ्या लाकडी लगद्याचा पोशाख घडवला होता. तो तिला टोचत असे, अंगावर वळ उठत. धातूसारखी चकाकणारी ती मूर्ती आजही पाहणाऱ्याला खिळवून ठेवते. जपानी ‘गोजिरा’ (१९५४) या महाकाय प्राण्याच्या पोटातही असाच एक माणूस होता. हारुओ नाकाजिमा सुमारे शंभर किलोचा रबरी पोशाख घालून खेळण्यातले शहर तुडवत असे. त्या प्राण्याची डरकाळी संगीतकार आकिरा इफुकुबे यांनी डबल बास या वाद्याच्या तारांवर चामड्याचा हातमोजा घासून काढली.

‘स्टार वॉर्स’मधला (१९७७) खलनायक डार्थ वेडर तर चार-पाच जणांचा मिळून झाला आहे. साडेसहा फुटी देह डेव्हिड प्राउजचा, खर्जातला आवाज जेम्स अर्ल जोन्सचा. पुढच्या दोन भागांत तलवार बॉब अँडरसनने चालवली, आणि १९८३ मध्ये मुखवटा उतरला तेव्हा आत चेहरा होता सेबॅस्टियन शॉचा. त्याचा तो श्वास ध्वनिरचनाकार बेन बर्टने पाणबुड्याच्या श्वसनयंत्रात मायक्रोफोन बसवून ध्वनिमुद्रित केला. पात्र पडद्यावर येण्याआधी श्वास ऐकू येतो आणि पोटात गोळा येतो. ‘एलियन’मधल्या (१९७९) रिप्ली या नायिकेची गोष्ट थोडी निराळी. मूळ पटकथेत अंतराळजहाजावरची माणसे स्त्री की पुरुष हे ठरवलेलेच नव्हते. ती भूमिका सिगर्नी वीव्हरकडे गेली आणि विज्ञानपटाला वाचवून घेणारी नव्हे, स्वतः लढून वाचणारी बाई मिळाली.

या सर्वांत श्रेष्ठ पात्र मात्र ज्याला अंगच नाही ते : ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’मधला (१९६८) हॅल ९००० हा अंतराळयान सांभाळणारा संगणक. एक लाल डोळा आणि डग्लस रेन या कॅनेडियन रंगनटाचा शांत, आदबशीर आवाज, एवढाच तो. त्याचे कुळ सोलापूरला परके नाही. शहराच्या पूर्व भागातल्या यंत्रमागावर चादरीची नक्षी उतरते ती छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवरून. छिद्र असेल तिथे सुई आत जाते आणि उभा धागा उचलला जातो, नसेल तिथे धागा खालीच राहतो. जोसेफ जॅकार्डने १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये बसवलेली ही युक्ती चार्ल्स बॅबेजने आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात घेतली. छिद्रांच्या कार्डांवरच अमेरिकेची १८९० ची जनगणना मोजली गेली. ती यंत्रे करणाऱ्या हर्मन होलेरिथच्या कंपनीतून पुढे आयबीएम उभी राहिली आणि आयबीएमच्याच ‘७०४’ संगणकाने १९६१ मध्ये बेल प्रयोगशाळेत ‘डेझी बेल’ हे जुने गाणे गायले. ‘२००१’चे सहलेखक आर्थर सी. क्लार्क यांनी ते तिथे ऐकले होते. अंतराळवीर हॅलच्या स्मृतीच्या पट्ट्या एकेक करून उपसतो, तेव्हा हॅल तेच गाणे म्हणतो. आवाज जड होतो, लांबतो, बंद पडतो. चार माणसांचा जीव घेतलेल्या यंत्रासाठी इथे गळा दाटून येतो, यातच त्या पात्राचे मोठेपण आहे.

भारतीय चित्रपटात मुलांनी सर्वाधिक जीव लावला तो ‘कोई... मिल गया’मधल्या (२००३) जादू या परग्रहवासीयाला. ऑस्ट्रेलियातल्या जेम्स कोल्मर यांनी बनवलेल्या जड पोशाखात इंद्रवदन पुरोहित हे जेमतेम तीन फूट उंचीचे नट होते. जादूची ताकद उन्हात. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर गेला की दुपारी दारे-खिडक्या लावून बसणाऱ्या सोलापुरातल्या पोरांना उन्हासाठी आसुसलेला हा जीव फार नवलाचा वाटला.

मराठीत विज्ञानकथेची परंपरा जयंत नारळीकरांसारख्यांनी भक्कम केली, पण पडद्यावर ती फारशी उतरली नाही. ‘फुंतरू’ (२०१६) हा एक मोजका प्रयत्न.

शंकर दिग्दर्शित ‘एंदिरन’ या तमिळ चित्रपटातला (२०१०) यंत्रमानव चिट्टी सोलापुरात एकाहून अधिक भाषांतून पोहोचला. विणकामासाठी तेलंगणातून येऊन पिढ्यान्‌पिढ्या इथलाच झालेला पद्मशाली समाज घरात तेलुगू आणि बाहेर मराठी बोलतो. त्याचा चिट्टी तेलुगू ‘रोबो’मधला, इतरांचा हिंदी ‘रोबोट’मधला. शास्त्रज्ञ वसीगरन आणि त्याने घडवलेला चिट्टी, दोघेही रजनीकांतच. न्यायालयाच्या आदेशावरून चिट्टी स्वतःच्या हातांनी आपले भाग सुटे करतो, एकेकाचा निरोप घेत. शेवटच्या दृश्यात २०३० साल आहे. संग्रहालयातल्या त्या सुट्या यंत्रापाशी एक शाळकरी मुलगी विचारते, याला का मोडले? चिट्टीच म्हणतो, मी विचार करायला लागलो होतो.