टोनी रोल्ट आणि फोर-व्हील ड्राइव्ह: पार्श्वभूमी
टोनी रोल्ट शर्यतींच्या शौकिनांना आठवतात ते 1953 च्या ल माँसच्या, म्हणजे फ्रान्समधल्या 24 तासांच्या मोटार शर्यतीतल्या विजयामुळे. दुसऱ्या महायुद्धाबद्दल वाचणाऱ्यांना ते कोल्डिट्झचे, म्हणजे जर्मनीतल्या किल्ल्यात केलेल्या युद्धकैद्यांच्या तुरुंगाचे कैदी म्हणून माहीत असतात. किल्ल्याच्या माळ्यावर लपवून बांधलेल्या ग्लायडरच्या कटात ते होते. पण डांबरी रस्त्यावर इंजिनची ताकद चारही चाकांना देऊन पळणाऱ्या (फोर-व्हील ड्राइव्ह) गाड्यांमागेही हाच माणूस आहे, आणि याचं श्रेय त्यांना फार कमी मिळालं.

युद्धाआधी त्यांची शर्यतीची गाडी तयार करून देणारा माणूस स्वतःही नावाजलेला रेसर होता. दोघांनी मिळून चारही चाकांना ताकद देणारी एक प्रायोगिक गाडी बांधली. पुढे ट्रॅक्टरवाले फर्ग्युसन पैसा घेऊन आले आणि 1950 मध्ये संशोधन कंपनी निघाली.

खरा घोळ आहे तो 'फोर-व्हील ड्राइव्ह' या शब्दाचा. जीपलाही फोर-व्हील ड्राइव्ह होतंच, मग यात नवीन काय? जुन्या जीपमध्ये फोर-बाय-फोर टाकला की पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकमेकांशी जखडले जातात. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाक जरासं घसरतं आणि तो फरक निघून जातो. कोरड्या डांबरावर मात्र तो जिरायला जागाच नसते: स्टिअरिंग जड होतं, टायर घासतात, गिअरवर ताण येतो. म्हणून पक्का रस्ता लागला की ड्रायव्हर लिव्हर मागे घेतो. फर्ग्युसनच्या रचनेत दोन अ‍ॅक्सलच्या मध्ये आणखी एक डिफरेन्शियल (दोन्हींना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) आला, आणि एकच अ‍ॅक्सल मोकाट फिरू नये म्हणून त्याला लगाम. लिव्हरची गरजच संपली.

म्हणून हीच रचना वापरणाऱ्या 1966 च्या जेन्सन एफएफ या ब्रिटिश गाडीला 'पहिली फोर-व्हील ड्राइव्ह कार' म्हणणं चूक आहे. चारही चाकांना ताकद देणारी शर्यतीची गाडी 1903 मध्येच हॉलंडमध्ये बनली होती. जेन्सनचा मान वेगळा आणि माझ्या मते मोठा: डांबरासाठी, कायम चारही चाकांना ताकद, आणि गिऱ्हाइकाला विकत मिळणारी. अशा 320 गाड्या बनल्या.

त्याआधी, सप्टेंबर 1961 मध्ये, ओल्टन पार्कच्या ओलसर ट्रॅकवर फर्ग्युसनच्या कंपनीची फोर-व्हील ड्राइव्ह गाडी पी-99 फॉर्म्युला वनची शर्यत जिंकून गेली होती. ती शर्यत जागतिक अजिंक्यपदात धरली जात नव्हती.

1971 मध्ये रोल्ट यांनी स्वतःची कंपनी काढली. तिथे व्हिस्कस कपलिंगवर काम झालं: पातळ चकत्या आणि त्यांच्यामध्ये घट्ट सिलिकॉन द्रव, जो एकाच अ‍ॅक्सलला मोकाट फिरू देत नाही. 1979 मध्ये ते एका अमेरिकन कारमध्ये, पुढे युरोपातल्या गाड्यांतही पोचलं. फॉर्म्युला वनमध्ये मात्र 1983 पासून फोर-व्हील ड्राइव्हवर बंदी आहे, आणि तिथे फोर-व्हील ड्राइव्हवर जिंकलेली एकमेव गाडी अजून पी-99 च आहे.