बंपरचा रंग उडालेला नाही

माझ्या एका मित्राकडे १९८० च्या दशकातली छोटी हॅचबॅक आहे. इंजिन ठणठणीत, पत्राही बऱ्यापैकी, पण दोन्ही बंपर, आरशांच्या खोळी आणि दारांवरच्या पट्ट्या पार राखाडी पडलेल्या. मध्यंतरी एका सकाळी त्याच्याकडे गेलो, तर हा पठ्ठ्या हातात पीनट बटरची बरणी घेऊन बंपरसमोर उकिडवा बसलेला. कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं म्हणे. बोटभर लावलं, फडक्याने घासलं, पुसलं, आणि खरोखरच हातभर पट्टा काळाभोर झाला. "बघ," तो म्हणाला, "उन्हाने प्लास्टिकमधलं तेल उडून जातं. ते परत पाजलं की प्लास्टिक पुन्हा जिवंत होतं."

पट्टा काळा झाला हे खरं. तेल पाजण्याची गोष्ट मात्र साफ खोटी. गाडीच्या आतलं रेक्झिन किंवा जुन्या डॅशबोर्डचं आवरण पीव्हीसीचं असतं आणि त्यात मऊपणासाठी तेलकट द्रव्यं मिसळलेली असतात. ती वर्षानुवर्षं हळूहळू बाहेर पडतात आणि आवरण तडकतं. ही समजूत बहुधा तिथूनच आली असावी. बाहेरचा काळा बंपर बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकचा असतो. त्यात असं तेल मुळात घातलेलंच नसतं, तर उडेल कुठून?

जुनी, जपलेली गाडी म्हटलं की क्रोमचे झळझळीत बंपर डोळ्यांसमोर येतात. पण ‘फीव्हा’ हा जुन्या गाड्यांचा जागतिक महासंघ ३० वर्षांच्या पुढची गाडी ऐतिहासिक धरतो, म्हणजे आता नव्वदच्या दशकातल्या गाड्याही या पंगतीत बसू लागल्या. आणि १९७२ सालच्या रेनो ५ पासून बंपरमध्ये प्लास्टिक शिरलं ते शिरलंच. बंपरचं हे पॉलिप्रॉपिलीन १९५४ साली इटलीत जुलिओ नाता यांनी सुबक, नियमित रचनेत घडवून दाखवलं आणि १९६३ चं रसायनशास्त्राचं नोबेल कार्ल त्सीग्लर यांच्यासोबत मिळवलं. स्वस्त, हलकं, चिवट. एकच खोड: उन्हाशी त्याचं पटत नाही.

आपण सरळ म्हणून टाकतो, ‘रंग उडाला’. कापडाच्या बाबतीत ते बरोबर आहे. तिथे रंगाचे रेणू असतात, अतिनील किरण ते मोडतात आणि रंग खरोखर नाहीसा होतो. बंपरचा काळेपणा मात्र काजळीचा असतो, म्हणजे कार्बन ब्लॅक, टायरमध्ये असते तीच. काजळीला ऊन काहीही करू शकत नाही. चाळीस वर्षं उन्हात उभ्या असलेल्या त्या राखाडी बंपरमध्ये काजळी जिथल्या तिथे आहे. मग काळा गेला कुठे?

याचं उत्तर पाऊस देतो. असला बंपर भिजला की पाण्याखाली तो नव्यासारखा काळा दिसतो आणि वाळला की पुन्हा राखाडी. उडालेला रंग पाण्याने परत येत नसतो! ओलं बोट बंपरवरून फिरवा, ओल्या रेषेत काळा रंग समोर दिसेल. तो गेलेलाच नाही. आपल्या डोळ्यांपर्यंत पोचत नाही, इतकंच.

आता उन्हाने नेमकं काय केलं ते बघू. इथे थोडं रसायनशास्त्र आहे, दमाने घ्या. पॉलिप्रॉपिलीन म्हणजे कार्बनच्या लांबच लांब साखळ्या. त्यातला कार्बन-कार्बन बंध तोडायला मोलमागे (मोल म्हणजे रेणू आणि बंध मोजायचं रसायनशास्त्राचं ठरावीक माप) सुमारे ३५० किलोजूल ऊर्जा लागते. तांबड्या प्रकाशाकडे ती नाही, त्याची धाव जेमतेम १८५ पर्यंत. पण ३०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील किरणांकडे ४०० किलोजूल असते. म्हणजे साखळी तुटणारच, असं वाटेल. गंमत अशी, की शुद्ध पॉलिप्रॉपिलीन हे किरण शोषतच नाही, ते आरपार निघून जातात. शोषतात ती त्यातली अशुद्धं: कारखान्यात वितळवताना ऑक्सिजन चिकटून बिघडलेले काही दुवे, उत्प्रेरकाचे उरलेसुरले कण. ठिणगी तिथे पडते. एक बंध तुटून एकटं पडलेलं, जोडीदार शोधत फिरणारं टोक तयार होतं. याला फ्री रॅडिकल म्हणतात. हवेतला ऑक्सिजन त्याला लगेच येऊन चिकटतो. हे नवं, आणखी हावरट टोक शेजारच्या साखळीतला हायड्रोजन हिसकावतं. पॉलिप्रॉपिलीनच्या साखळीत दर दुसऱ्या कार्बनला एक फांदी असते आणि फांदीच्या सांध्यावरचा हायड्रोजन जरा सैलच धरलेला असतो. हिसकावला जातो तो नेमका हाच. आता शेजारी एकटा पडला. त्यालाही ऑक्सिजन चिकटतो, तोही पुढच्याचा हायड्रोजन ओढतो. शिवाय या भानगडीत तयार होणारं हायड्रोपेरॉक्साइड स्वतःच उन्हात फुटतं आणि एकाऐवजी दोन नवे हावरे सोडतं. म्हणून सुरुवातीची काही वर्षं बंपरला काहीच होत नाही आणि मग बघता बघता तो राखाडी पडतो.

या गोंधळात साखळ्यांचे तुकडे होतात. लांब साखळ्या गुंतलेल्या असतात, त्यांना हलता येत नाही. तुकडे मात्र मोकळे होऊन एकमेकांशेजारी नीट रांगेत बसतात, त्यांचे स्फटिक बनतात आणि ते कमी जागा व्यापतात. वरचा थर आकसतो, खालचा शाबूत थर आकसत नाही. आटलेल्या तळ्यातला चिखल तडकतो तसा पृष्ठभाग तडकतो, फक्त या भेगा डोळ्यांना दिसत नाहीत इतक्या बारीक. काजळी अतिनील किरण वरच्या वरच गिळून टाकते, त्यामुळे नासधूस वरच्या पातळ थरातच राहते. बंपर आतून धडधाकट असतो तो याच काजळीच्या कृपेने.

आता माझा आवडता भाग. चिरांनी भरलेला काळा थर पांढरट का दिसावा?

काच फोडून तिची पूड केली की पूड पांढरी दिसते. पाणी पारदर्शक, हवा पारदर्शक, पण दोन्ही मिळून झालेला फेस पांढराशुभ्र. यात पांढरं द्रव्य कुठेच नाही. प्रकाश एका माध्यमातून दुसऱ्यात शिरताना त्याचा थोडा भाग सीमेवरूनच परत फिरतो. किती, ते दोन माध्यमांच्या अपवर्तनांकांवर (माध्यम प्रकाशाला किती वळवतं, त्याच्या आकड्यांवर) ठरतं: त्यांची वजाबाकी भागिले बेरीज, आणि आलेल्या उत्तराचा वर्ग. हवेचा अपवर्तनांक १, पॉलिप्रॉपिलीनचा सुमारे १.४९. म्हणजे समोरून पडणाऱ्या प्रकाशातला जवळपास ४ टक्के परत. नव्या, सलग बंपरवर अशी सीमा एकच असते. उरलेला ९६ टक्के प्रकाश आत जातो, काजळी तो गिळते आणि आपल्याला काळं दिसतं. तडकलेल्या थरात मात्र प्लास्टिक-हवा-प्लास्टिक-हवा अशा सीमांमागून सीमा. अशा पन्नास सीमा ओलांडायच्या असतील तर कुठेही न परतता पार जाणारा प्रकाश १३ टक्क्यांच्या आसपास. बाकीचा वाटेतच उलटसुलट उधळला जातो, आणि सगळे रंग सारखेच उधळले गेले की डोळा त्याला पांढरं म्हणतो. काळ्यावर ओढलेला हा पांढरट पडदा म्हणजे आपला राखाडी बंपर.

भेगांतल्या हवेच्या जागी पाणी भरलं तर? पाण्याचा अपवर्तनांक १.३३. सूत्रात घाला, परत फिरणारा प्रकाश ४ टक्क्यांवरून ०.३ टक्क्यांवर येतो. तेल भरलं तर? शेंगदाण्याचं तेल, व्हॅसलीन, खनिज तेल, सगळ्यांचे अपवर्तनांक १.४७ च्या आगेमागे. उत्तर येतं ०.००५ टक्के. पन्नास सीमा असल्या तरी ९९ टक्क्यांहून जास्त प्रकाश सुखरूप काजळीपर्यंत पोचतो. भेगा बुजलेल्या नाहीत, प्लास्टिक सुधारलेलं नाही, प्रकाशाला भेगा दिसेनाशा झाल्या एवढंच. पटत नसेल तर प्रयोगशाळेतली बोरोसिलिकेट काचेची कांडी ग्लिसरीनमध्ये बुडवून बघा. दोघांचाही अपवर्तनांक १.४७. बुडालेला भाग अक्षरशः गायब होतो. मी कॉलेजात पहिल्यांदा पाहिलं तेव्हा कांडी मोडली असं वाटून बाहेर काढून पाहिली होती.

हे एकदा समजलं की घरगुती उपायांची अख्खी यादी दोन प्रश्नांवर तपासता येते: भेगेत काय भरतंय, आणि ते तिथे किती दिवस टिकतंय? पीनट बटर म्हणजे तेल आणि भुकटी. तेल आपलं काम करतं, भुकटी धूळ आणि मुंग्या बोलावते. मित्राचा तो पट्टा दहा दिवसांत पुन्हा राखाडी झाला, वर धुळीचा थर फुकट. खोबरेलाचंही तेच, शिवाय ते २४ अंशांच्या खाली गोठतं आणि थंड सकाळी बंपरवर पांढरं साय धरल्यासारखं दिसतं. बुटाचं काळं पॉलिश जरा बरं, त्यात मेण असतं. पण बंपरला टेकलात की पँट रंगली. टूथपेस्ट या कामाला अगदी चुकीची. ती घासणारी भुकटी आहे. पिवळ्या पडलेल्या हेडलाइटच्या प्लास्टिकच्या आवरणावर ती वरचा खराब थर खरवडून तात्पुरता उजेड पाडते, पण बंपरच्या खरबरीत दाण्यांत अडकून वाळली की आणखी पांढरं! बाजारच्या बाटल्यांमध्ये बहुधा सिलिकोन तेल असतं. अपवर्तनांक १.४० म्हणजे प्रकाशाच्या हिशोबात ते खाद्यतेलापेक्षाही कच्चं, पण त्याचा सिलिकॉन-ऑक्सिजन बंध ४५० किलोजूलचा. त्या ३०० नॅनोमीटरच्या किरणालाही तो भारी पडतो, म्हणून ते टिकतं. बाटलीवर ‘नॅनो’ लिहिलंय, ‘प्लास्टिकला पोषण’ लिहिलंय की ‘केमिकल-फ्री’, याने यातलं काहीच बदलत नाही. प्लास्टिकला भूक लागत नाही, आणि केमिकल नसलेलं तेल अजून कुणी काढलेलं नाही.

हीट गनचा उपाय मात्र वेगळ्या जातीचा आहे. गरम हवेचा झोत फिरवला की राखाडी भाग डोळ्यांदेखत काळा होत जातो. इथेही ‘आतलं तेल वर आलं’ असं सांगणारे भेटतात. पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या जरा वर वितळतं. वरचा थर क्षणभर वितळून भेगा मिटतात, बस. केस वाळवायच्या ड्रायरने हे होत नाही, तेवढं तापतच नाही. पण तुटलेल्या साखळ्या पुन्हा जोडल्या जात नाहीत आणि उन्हापासून वाचवायला कारखान्यात घातलेली द्रव्यंही खर्च होऊन गेलेली असतात. म्हणून पुढच्या खेपेला बंपर लवकर पांढरा पडतो. आणि हात एका जागी थांबला तर दाणेदार पोत जाऊन गुळगुळीत चट्टा उरतो, तो कायमचा.

घरगुती म्हणता येईल असा खरा तोडगा म्हणजे जवसाचं तेल, रंगकामाच्या दुकानात ‘बॉइल्ड’ म्हणून मिळतं ते. मला ते आवडतं त्याचं कारण भलतंच आहे. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त लिनोलेनिक आम्ल असतं, त्याच्या रेणूत तीन दुहेरी बंध, आणि त्यांच्यामधले हायड्रोजन अगदी सैल धरलेले. ओळखीचं वाटतंय ना? तोच सैल हायड्रोजन, तोच ऑक्सिजन, तेच हावरे रॅडिकल. ज्या अभिक्रियेने बंपरच्या साखळ्या कापल्या, तीच इथे तेलाचे रेणू एकमेकांना जोडत सुटते आणि पातळ तेलाचं घट्ट जाळं बनतं. तैलरंगातली चित्रं शतकानुशतकं अशीच वाळत आली आहेत. पाणी उडून नव्हे, ऑक्सिजन पिऊन. भेगेत शिरलेलं तेल तिथेच घट्ट होतं, पावसाने निघत नाही. काही वर्षांनी पिवळट पडतं, पण काळ्यावर कोण बघतंय?

आधी बंपर साबणाने नीट धुवायचा, पूर्ण वाळवायचा (भेगेत पाणी असेल तर तेल शिरणार कुठे?), अगदी थोडं तेल चोळायचं आणि अर्ध्या तासाने जादाचं सगळं पुसून काढायचं. पुसलं नाही तर चिकट पापुद्रा धरतो.

खिडक्यांच्या रबरी बीडिंगला यातलं सिलिकोन सोडून काहीही लावू नका, विशेषतः व्हॅसलीन. बहुतेक बीडिंग ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराची असते, ती खनिज तेल पिऊन फुगते आणि मऊ पडते. तिथे ग्लिसरीन किंवा सिलिकोन. चकचकीत ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांना कॉस्टिक असलेला क्लीनर दाखवूसुद्धा नका, त्यांच्यावरचा ऑक्साइडचा थर अल्कलीत विरघळतो.

शेवटी मित्राच्या मागच्या बंपरवर चिकटपट्टीने चार रकाने आखले: खोबरेल, व्हॅसलीन, सिलिकोन, जवस. गाडी महिनाभर उघड्यावर उभी होती, मधे चांगला पाऊस झाला. खोबरेल पहिल्याच पावसात गेलं. व्हॅसलीनवर एवढी धूळ बसली होती की खालचा रंग कळेना. सिलिकोन फिकटलं होतं, पण होतं. जवसाचा रकाना होता तसा काळा.

आणि फडकं. जवसाच्या तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकायचं नसतं. ऑक्सिजनशी संयोग होताना उष्णता बाहेर पडते, घड्यांमध्ये ती कोंडते आणि कापड आपोआप पेट घेऊ शकतं. मित्राला बजावून मी ते बाहेर तारेवर पसरून टाकायला लावलं. दोन दिवसांनी त्याचा फोन आला, "अरे, हे पुठ्ठ्यासारखं कडक झालंय." म्हटलं, बंपरच्या भेगांतही आत्ता तेच चाललंय.