नुन्देदो (कोरियन व्याकरण)

नुन्देदो हा कोरियन भाषेतला अपेक्षाभंग दाखवणारा क्रियापदाचा प्रत्यय. एक गोष्ट घडली म्हणजे दुसरी ओघानेच यायला हवी; ती आली नाही किंवा भलतेच काही झाले, की हा वापरतात. पार्श्वभूमी सांगणाऱ्या 'नुन्दे'ला 'दो' चिकटून तो बनतो. हा 'दो' म्हणजे आपला 'ही': 'नादो' म्हणजे मीही. मराठीत 'असून'ला 'ही' लागून 'असूनही' होते, तशीच ही घडण.

'मानी मॉङनुन्देदो सारी आन् च्चॉयो', म्हणजे खूप खाऊनही अंगी लागत नाही. धातू 'मॉक्' (खाणे) आहे, पण पुढच्या 'न'मुळे उच्चारात 'क्'चा 'ङ' होतो. भूतकाळात 'मॉगॉन्नुन्देदो'. थंड असणे, मोठे असणे अशा गुणवाचक क्रियापदांना नुसते 'न्देदो' किंवा 'उन्देदो' लागते; नामाला 'इन्देदो', जसे 'इर्योइरिन्देदो', रविवार असूनही.

शिकणाऱ्याचा घोटाळा होतो तो 'आदो/ऑदो' या प्रत्ययाशी. त्यातही 'दो' आहेच. 'पिगा वादो गायो' म्हणजे पाऊस आला तरी जातो. तो आलेला असेल, नसेलही. 'पिगा ओनुन्देदो गास्सॉयो' म्हणजे पाऊस पडत असूनही गेला; इथे पाऊस खराच पडत होता. नुन्देदोला असे घडलेले वास्तव लागते, आणि त्याच्यामागून सहसा आज्ञा येत नाही. मराठी कानाला हे समजावून सांगावे लागू नये: 'पाऊस पडला तरी जा' आपण सहज म्हणतो, 'पाऊस पडत असूनही जा' अडखळते.

'जिमान' हा प्रत्यय म्हणजे साधे 'पण'. थोरला उंच पण धाकटा बुटका, यात कुणाची अपेक्षा मोडलेली नाही. तिथे 'जिमान' चालतो, नुन्देदो नाही.

जोर द्यायचा असेल तर पुढे 'बुल्गुहागो' जोडतात. त्यातला 'बुल्गु' चिनी मुळाचा, अर्थ 'न अडता'. वाक्याच्या आरंभी येणारे 'खुरॉन्देदो' म्हणजे 'तरीसुद्धा'.

लिहिताना प्रत्यय धातूला जोडूनच लिहायचा. मध्ये जागा सुटली तर 'दे' हे वेगळे नाम होते, 'ठिकाण' किंवा 'बाब' अशा अर्थाचे. 'मॉङनुन् देदो सुन्सॉगा इत्ता', म्हणजे खाण्यातही एक क्रम असतो. कानाला दोन्ही सारखेच, त्यामुळे खुद्द कोरियन लोकही इथे चुकतात.