व्हीसीआरवर मुंग्या दिसल्या, तर आधी कॅसेट तपासा

लग्नाची जुनी कॅसेट लावली, आवाज ठणठणीत येतोय आणि चित्राच्या जागी नुसत्या मुंग्या. तरी लगेच मशीन भंगारात काढू नका. साध्या व्हीसीआरमध्ये आवाज टेपच्या वरच्या कडेवर असतो आणि तो जागेवर स्थिर असलेलं हेड वाचतं. चित्र मात्र फिरत्या ड्रमवरची हेड वाचतात. हा ६२ मिलिमीटर व्यासाचा ड्रम आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत मिनिटाला १५०० फेरे घेतो. त्यावरच्या हेडवर जरासा मळ बसला, तरी चित्र जातं आणि आवाज शाबूत राहतो.

हा मळ बहुतेक वेळा कॅसेटमधूनच येतो. मेढा, पाटण, महाबळेश्वरकडच्या पावसात बंद कपाटातल्या कॅसेटला बुरशी धरतेच. कॅसेट उजेडात तिरकी धरून खिडकीतून टेपचं गुंडाळं बघा. ते एकसारखं काळसर, चकचकीत हवं. कडेला पांढुरके ठिपके किंवा जाळी दिसली, तर ती कॅसेट मशीनमध्ये घालू नका, कारण बुरशी हेडवर चिकटते आणि तिथून पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते. सांगलीच्या पुरात भिजलेल्या कॅसेटलाही हाच नियम. जत-आटपाडीच्या कोरड्या हवेत बुरशीपेक्षा धूळच जास्त छळते.

हेड साफ करताना आधी प्लग काढा, मग मशीनचं झाकण उघडा. प्लग काढल्यावरही पॉवर सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब राहू शकतो, म्हणून त्या भागाला हात लावू नका. साध्या, गुळगुळीत नसलेल्या पांढऱ्या कागदाची बोटभर रुंद पट्टी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवा. एका हाताने ती ड्रमला हलकेच टेकवून स्थिर धरा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरच्या कडेला धरून सावकाश फिरवा. कागदावर तपकिरी रेघ उमटली, की मळ निघतोय. पट्टी वर-खाली घासायची नाही, आणि कान साफ करायची कापसाची काडी तर अजिबात नको. तिचे तंतू हेडला अडकतात आणि हेडचं नाजूक टोक तुटतं. तसं झालं तर मग इलाज नाही. सगळं पंधरा मिनिटं वाळू द्या. टेप दाबून पुढे सरकवणाऱ्या रबरी पिंच रोलरला अल्कोहोल वारंवार लावलं तर रबर कडक होतं. त्याला साबणाचं पाणी पुरतं.

कॅसेट चार-पाच सेकंद चालून आपोआप थांबत असेल, तर दोष वेगळा. टेप गुंडाळून घेणारी चकती फिरत नाही हे सेन्सरला कळतं आणि मशीन थांबतं. कारण बहुधा सैल झालेला बेल्ट किंवा आयडलरचं, म्हणजे चकती फिरवणाऱ्या छोट्या चाकाचं, गुळगुळीत झालेलं रबर. मशीनने टेप खाल्ली, तीही याच कारणाने. आयडलरच्या रबरावर बारीक पॉलिशपेपर फिरवला तर काही दिवस निभावतं, पण खरा उपाय नवं रबर. झाकण उघडून तपासत असाल तर एक ध्यानात ठेवा: टेपचा शेवट ओळखणारे सेन्सर प्रकाशावर चालतात. ऊन किंवा बल्बचा झोत आत पडला, तर धडधाकट मशीनही टेप संपली समजून थांबतं.

अडकलेली कॅसेट ओढू नका. प्लग काढून लोडिंग मोटरची, म्हणजे कॅसेट आत-बाहेर नेणाऱ्या मोटरची, पुली हाताने फिरवा. टेप ड्रमपासून सुटली, की चकती फिरवून सैल टेप कॅसेटमध्ये गुंडाळा आणि मगच पुली पुढे फिरवून कॅसेट वर आणा.

२०१६ मध्ये जपानच्या फुनाई कंपनीने उत्पादन थांबवलं, त्यानंतर नवे व्हीसीआर बनत नाहीत. म्हणून चित्र स्वच्छ दिसू लागलं, की त्याच वेळी कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. तीन तासांच्या कॅसेटला पूर्ण तीन तास लागतात.