काम सांगितलं, कृती राहिली

१९८३ साली अमेरिकेत पेटंटची अपिलं ऐकणाऱ्या फेडरल सर्किट न्यायालयात कारखान्यातल्या यंत्रांवरून एक वाद आला. व्हाइट कन्सॉलिडेटेड या कंपनीकडे संगणकाने चालणाऱ्या यंत्रांच्या नियंत्रणप्रणालीचं पेटंट होतं. प्रणालीचा जीव होता 'स्प्लिट' नावाच्या प्रोग्राममध्ये. एका सामाईक भाषेतल्या सूचना तो यंत्राला कळतील अशा करून देई. पेटंटात स्प्लिटचं नाव होतं, काम होतं. ते काम तो कसं करतो, हे नव्हतं, कारण मूळ कंपनीने ते व्यापारी गुपित म्हणून जपलं होतं. तसा प्रोग्राम नव्याने लिहायला एका माणसाची दीड ते दोन वर्षं जातील, अशी साक्ष झाली. न्यायालयाने पेटंट अवैध ठरवलं.

मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. पेटंट हा शेवटी सौदा आहे. आज शोधकाला अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं हक्क मिळतो, आणि बदल्यात त्याने शोध इतका उलगडून सांगायचा, की त्या विषयातल्या जाणकाराला फारशी खटपट न करता तो उभा करता यावा. भारताच्या १९७० च्या कायद्यातलं कलम १०(४) हेच सांगतं, शिवाय अर्जदाराला माहीत असलेली सर्वांत चांगली पद्धतही मागतं. (निव्वळ संगणक प्रोग्रामला आपल्याकडे पेटंट मिळत नाही, हा मुद्दा वेगळा.)

यंत्राच्या आकृतीत कुठलं चाक कशात अडकतं ते दिसतं. सॉफ्टवेअरच्या आकृतीत पुष्कळदा नुसते चौकोन आणि बाण असतात. 'पुरण करून पोळीत भरावं' एवढ्यावर कुणाला पुरणपोळी जमेल? डाळ किती शिजवायची, पुरण किती आटवायचं, कृती तर तिथेच आहे.

तरीही १९९७ साली, एमआरआय यंत्रांवरून फोनार आणि जनरल इलेक्ट्रिक यांच्यात झालेल्या खटल्यात, याच न्यायालयाने सोर्स कोड (प्रोग्रामचा मूळ मजकूर) किंवा फ्लोचार्ट (पायऱ्यांची आकृती) देण्याची सहसा गरज नाही असं म्हटलं. सॉफ्टवेअरने काय करायचं ते सांगितलं, की कोड लिहिणं हे जाणकाराचं नेहमीचं काम, असा तर्क होता. साध्या कामापुरता तो पटतो. पण 'कसं करायचं' यातच सगळी अडचण असेल तेव्हा?

२००८ मध्ये जुगारयंत्रं बनवणाऱ्या अॅरिस्टोक्रॅट कंपनीच्या खटल्यात न्यायालय पुन्हा काटेकोर झालं. 'योग्य प्रोग्रामिंग केलेला मायक्रोप्रोसेसर' हे वर्णन पुरणार नाही, अल्गोरिदम, म्हणजे कामाच्या नेमक्या पायऱ्या, सांगा, असा निकाल आला. मात्र तो लागू होतो अमुक काम 'करणारं साधन' अशा धाटणीने मांडलेल्या दाव्यांना, म्हणजे पेटंटातल्या हक्क मागणाऱ्या वाक्यांना. मग दाव्यांत 'साधन'ऐवजी 'मॉड्यूल' असे शब्द दिसू लागले. २०१५ च्या विल्यमसन खटल्यात तीही पळवाट बरीचशी बुजली.

जीवाणूंच्या बाबतीत हा प्रश्न कधीच सोडवला गेला आहे. शब्दांत पुरता न मावणारा सूक्ष्मजीव असेल, तर १९७७ च्या बुडापेस्ट करारानुसार त्याचा नमुना मान्यताप्राप्त संग्रहात ठेवता येतो. पुण्यातही असा संग्रह आहे. सॉफ्टवेअरसाठी अख्खा सोर्स कोड मागावा असं मी म्हणणार नाही. हजारो ओळींच्या ढिगात कल्पना आणखीच हरवते. पण जे पाऊल नवं म्हणून हक्क मागितला, तेवढ्या पावलाचा स्यूडोकोड (साध्या भाषेत मांडलेली प्रोग्रामची कृती), दुसऱ्या प्रोग्रामरला त्यावरून प्रोग्राम लिहून चालवून पाहता येईल असा, अर्जासोबत सक्तीचा हवा.